अर्धा आवळा

गेल्या मार्गशीर्षातली गोष्ट. परसातल्या आवळीला यंदा फळ बरं धरलं होतं. बारा किलो आवळे उतरवून, निवडून, धुऊन मी ओट्यावर पसरले होते आणि साखर आणायला कोणाला पाठवावं या विचारात होते. तेवढ्यात भाच्याचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर तो म्हणाला, "मावशी, एक सांगू का, रागावू नकोस. यंदा कँडी नको पाठवूस. माझी साखर वाढलीय, आणि मुलंही गोड कमी खातात आता."

मी म्हटलं, "अरे, आवळा आहे तो! औषध आहे. च्यवन ऋषींच्या काळापासून चालत आलंय."

तो हसला. "अगं मावशी, आवळा नावाला गं. ती साखरच आहे."

फोन ठेवला आणि खरं सांगते, मला राग आला. पंधरा-वीस वर्षं मी पदरमोड करून, उन्हात उभी राहून, कावळे हाकलत ही कँडी करते आणि डबे भरभरून नात्यात पाठवते, आणि हा म्हणतो साखर! पण जन्मभर मुलांना "सांगोवांगीवर विश्वास ठेवू नका, पडताळून पाहा" असं शिकवलं. त्यामुळे राग ओसरल्यावर मनात आलं, की "च्यवन ऋषींच्या काळापासून" हे आपण कशाच्या आधारावर म्हणालो? मग दोन-तीन आठवडे तोच उद्योग केला. जे सापडलं ते इथे लिहून ठेवते. भाच्यासाठी, आणि तुम्हा सगळ्यांसाठीही.

आधी माझ्या लहानपणचं सांगते. वाईकडच्या आमच्या घरी आवळ्याचे तीन प्रकार व्हायचे. पहिला आवळकाठी. आवळे फोडून नुसते वाळवायचे आणि पत्र्याच्या डब्यात भरून ठेवायचे. त्यातले काही शिकेकाईबरोबर केसांना आणि काही औषधाला. दुसरा आवळासुपारी. आवळे किसून त्याला मीठ, आल्याचा रस, जिरं, ओवा लावायचा आणि जुन्या धोतरावर पसरून गच्चीत वाळवायचं. ही आम्हा मुलांची. शाळेत जाताना फ्रॉकच्या खिशात मूठभर असायची आणि खिशाला काळपट डाग पडायचे. तिसरा मोरावळा. तो एकच बरणी. आजोबांना पित्ताचा त्रास होता, म्हणून ती बरणी देवघराच्या फडताळात वर ठेवलेली असे. आम्हाला तो आजारपणात चमचाभर मिळायचा. एकदा नुसता मोरावळा मिळावा म्हणून मी डोकं दुखतंय असं खोटं सांगितलं होतं. आईने कपाळाला सुंठ उगाळून लावली आणि मोरावळा काही दिला नाही.

कँडी मात्र नव्हती. हा शब्दच घरात नव्हता. आता नीट आठवून पाहते तर आवळा कँडी मी पहिल्यांदा खाल्ली ती नोकरीला लागून बरीच वर्षं झाल्यावर, शिक्षकांच्या खोलीत. आमच्या एका सहकारी बाईंनी संक्रांतीला डबा आणला होता. मधल्या सुट्टीत डबा रिकामा झाला आणि कृती आम्ही फळ्यावर लिहून घेतली. म्हणजे माझी "पुराणकाळापासूनची" परंपरा १९८०च्या दशकाच्या अलीकडे काही जात नाही! घराघरातून अशीच स्थिती असेल असं मी म्हणत नाही, पण आमच्यापुरतं हे खरं.

मग जुनं काय? आवळा जुना. फार जुना.

देवळाच्या शिखराकडे कधी नीट पाहिलंय का? खजुराहोला किंवा भुवनेश्वरला गेलात तर जरूर पाहा. कळसाच्या खाली एक चपटं, कडेला खाचा असलेलं दगडी चाक असतं. त्याचं नाव आमलक. आमलक म्हणजे आवळा. ज्या फळाला शिल्पकारांनी देवाच्या माथ्यावर बसवलं त्याची रोजच्या आयुष्यातली जागा काय असेल! एखादी गोष्ट अगदी स्पष्ट दिसणं म्हणजे "हस्तामलकवत्", तळहातावरच्या आवळ्यासारखं. एकनाथ महाराजांच्या एका ग्रंथाचं नावच 'हस्तामलक' आहे. कार्तिक शुद्ध नवमीला आवळीच्या झाडाखाली जेवायची पद्धत तर आपल्यातल्या पुष्कळांनी पाहिली आहे. आमच्याकडे तुळशीच्या लग्नाआधी आवळा, चिंच, बोरं तोंडात घालायची नाहीत असा दंडक होता. लहानपणी तो छळ वाटायचा. पण झाडाकडे पाहिलं की कळतं, आवळा खऱ्या अर्थाने भरतो तो कार्तिकातच. त्याआधी तोडला तर नुसता तुरट. शास्त्र म्हणा की व्यवहार, झाडाला तेवढी उसंत मिळत असे.

त्याच नवमीला कूष्मांड नवमी असंही म्हणतात, आणि त्या दिवशी कोहळा दान करतात. आवळा आणि कोहळा एकाच तिथीला! आपल्या "आवळा देऊन कोहळा काढणे" या म्हणीचा या तिथीशी संबंध आहे असा दावा मी करत नाही, पण गंमत वाटली एवढं खरं.

आणि मग अशोकाची गोष्ट. ही मी इतिहास शिकवताना वर्गात सांगत असे, पण घाईघाईत, परीक्षेला येत नाही म्हणून. या निमित्ताने पुन्हा नीट वाचली. 'अशोकावदान' नावाचा संस्कृत बौद्ध ग्रंथ आहे, अशोकानंतर काही शतकांनी रचलेला. त्यात सम्राटाचे शेवटचे दिवस येतात. अशोक आजारी पडतो. हयातभर दान केलेलं, तरी मन भरत नाही, आणि पाटलिपुत्राच्या कुक्कुटाराम विहाराला तो खजिन्यातून द्रव्य पाठवू लागतो. अमात्यांना भीती वाटते की राज्य बुडेल. ते युवराजाला, म्हणजे अशोकाच्या नातवाला, सांगून खजिनदाराला मनाई करवतात. मग राजा जेवणाची सोन्याची ताटं पाठवतो, तर सोन्याची ताटं बंद होतात. चांदीची पाठवतो, चांदीची बंद होतात. शेवटी त्याच्या हातात एकच वस्तू उरते, अर्धा आवळा. तो अमात्यांना विचारतो, या पृथ्वीचा स्वामी कोण? ते म्हणतात, आपणच महाराज. त्यावर तो सांगतो की खोटं बोलू नका, माझी सत्ता आता या अर्ध्या आवळ्यापुरती आहे. आणि तोही तो विहाराला पाठवून देतो. भिक्षू तो वाटून रश्शात घालतात, म्हणजे संघातल्या प्रत्येकाला त्याचा अंश मिळावा.

हा इतिहास नव्हे, आख्यायिका आहे. अशोकाच्या शिलालेखांत यातलं काही नाही. पण सातव्या शतकात ह्युएन त्संग पाटलिपुत्राला आला तेव्हा तिथल्या आमलक स्तूपाची हकीकत त्याने लिहून ठेवली, म्हणजे आठशे-नऊशे वर्षांनंतरही लोक ती गोष्ट सांगत होते. पूर्वी मी ही गोष्ट वैराग्याची म्हणून सांगायची. आता या वयात वाचताना वेगळंच जाणवलं. देणाऱ्याचा हात कोणी धरला की त्याला काय होतं, याची ती गोष्ट आहे. भाच्याच्या फोननंतर मला राग का आला, ते तिथे कळलं. असो.

आता च्यवन ऋषींकडे वळते. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात पहिल्याच अध्यायात रसायनं सांगितली आहेत आणि त्यात च्यवनप्राश आहे. पाचशे आवळे घ्यायचे, इतर औषधींबरोबर पाण्यात शिजवायचे, बिया काढायच्या, गर तूप-तेलावर परतायचा आणि त्यात अर्धी तुला मत्स्यण्डिका घालायची. मध शेवटी, गार झाल्यावर. मत्स्यण्डिका म्हणजे साखरेचा एक जुना प्रकार, माशाच्या अंड्यांसारखी दाणेदार म्हणून ते नाव. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही कोठारातल्या जिनसांत फाणित, गूळ, मत्स्यण्डिका, खंड आणि शर्करा असे उसाचे पाच पदार्थ ओळीने सांगितले आहेत. म्हणजे काकवीपासून स्वच्छ साखरेपर्यंतच्या पायऱ्या आपल्या लोकांना तेव्हाच ठाऊक होत्या.

शाळेतली सवय जात नाही, म्हणून गणित मांडलं. तुला म्हणजे शंभर पल. हल्लीचे औषधं करणारे पल ४८ ग्रॅमचा धरतात, म्हणजे अर्धी तुला झाली २ किलो ४०० ग्रॅम. आमच्या गावठी झाडाचे ५० आवळे वजन केले, ते भरले ६०० ग्रॅम. म्हणजे ५०० आवळे ६ किलो. सहा किलो फळाला सुमारे अडीच किलो गोड, आणि तेही रोज थोडं थोडं चाटायचं. माझी कँडी? किलोला किलो. आणि खातो मूठ-मूठ. मला वाटतं या हिशोबानंतर च्यवन ऋषींना साक्षीला बोलावणं मी बंद केलं पाहिजे.

'कँडी' या शब्दाचा प्रवासही या निमित्ताने कळला. वाटलं होतं, हा अगदी साहेबाचा शब्द. पण तो आपलाच! संस्कृत 'खंड', म्हणजे तुकडा, साखरेचा खडा. त्याचा फारसीत 'कंद' झाला, अरबीत त्यावरून 'कंदी', तिथून फ्रेंचमार्गे इंग्रजीत 'कँडी'. आपल्या 'खांडसरी'त तो घरच्या घरीही राहिला आहे. 'शर्करा' तशीच फारसीत 'शकर', अरबीत 'सुक्कर' आणि पुढे युरोपात 'शुगर'. शब्द गेले कारण माल गेला आणि मालाबरोबर विद्या गेली. अलेक्झांडरचा सरदार नीआर्कस इथे आला तेव्हा मधमाश्यांशिवाय मध देणाऱ्या बोरूचं त्याला नवल वाटलं. इसवी सन ६४७ मध्ये चीनच्या तांग सम्राटाने साखर करण्याची रीत शिकून यायला मगधात माणसं पाठवली. पुढे चीन आणि मिसर देशांनी साखर इतकी छान केली की उत्तरेत साखरेला 'चीनी' आणि खडीसाखरेला 'मिसरी' म्हणू लागले. (आपल्याकडे मिश्री म्हटलं की आजीची दात घासायची डबी आठवते, ती वेगळी!)

या गोड प्रवासाचा कडू भागही आहे. युरोपीय लोकांनी वेस्ट इंडीजमध्ये ऊस लावला तो आफ्रिकेतून पकडून आणलेल्या गुलामांच्या जिवावर. गुलामगिरी बंद झाल्यावर, १८३४ पासून, मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांवर आपली माणसं करारावर गेली. त्यांत कोकणातलीही होती. मॉरिशसमध्ये आजही मराठी समाज आहे, त्याची मुळं त्या उसात आहेत. साखर स्वस्त झाली ती अशी.

आणि 'मुरंबा'. वर्गात मी ठामपणे सांगत असे, "मुरलेला आंबा तो मुरंबा." मुलं लिहून घेत. ते चूक. शब्द अरबी 'मुरब्बा'वरून आलेला आहे, आंब्याशी त्याचा काही संबंध नाही. मोरावळा म्हणजे आवळ्याचा मुरंबा. माझे विद्यार्थी हे वाचत असतील तर त्यांनी वहीत दुरुस्ती करावी. उशीर झाला आहे, पण चालेल.

मग घरात कँडी इतक्या उशिरा का आली? मला वाटतं उत्तर साखरेच्या भावात आहे. प्रवरानगरचा सहकारी कारखाना, तेव्हाच्या अहमदनगर आणि आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातला, १९५०-५१च्या हंगामात सुरू झाला. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांचं ते काम. त्यानंतर महाराष्ट्रात कारखान्यांची रांग लागली. तरी माझ्या लहानपणी आणि तरुणपणी घरात साखर यायची ती रेशनवर, माणशी मोजून. सणासाठी आई ती महिनोन् महिने साठवायची. अशा घरात किलोभर आवळ्याला किलोभर साखर ओतणार कोण? म्हणून आवळा मिठात, उन्हात, नाहीतर गुळात. आजोबांची ती एक बरणी म्हणजे घरातली केवढी मोठी चैन होती, हे आज कळतं. साखर मुबलक झाली, ताटात आली, आणि मग कँडी आली.

कृती बहुतेकांना माहीत आहे, पण ती तशी का करतात ते सांगते, कारण त्यातच सगळी मेख आहे. आवळे आठ-दहा मिनिटं वाफवायचे. पाकळ्या आपोआप सुटतात, बी निघते. मग पाकळ्यांवर साखर घालून झाकून ठेवायचं. पाण्याचा थेंब घालायचा नाही, तरी दुसऱ्या दिवशी भांडं पाकाने भरलेलं! ते पाणी आवळ्याच्या आतलं. साखर ते बाहेर ओढते आणि त्याच्या जागी हळूहळू स्वतः आत शिरते. सुरुवातीला फोडी वर तरंगतात. रोज एकदा लाकडी चमच्याने हलवायचं. तीन-चार दिवसांनी फोडी तळाशी बसतात, म्हणजे साखर आत पोचली. मग निथळून दोन-तीन दिवस उन्हात, वर पातळ पंचा. हाताला चिकटत नाहीत पण दाबल्यावर मऊ लागतात, तिथे थांबायचं. टिकतात का? तर बुरशीला आणि जंतूंना जगायला पाणी लागतं. थोडं उन्हाने उडवलेलं असतं, उरलेलं साखरेने धरून ठेवलेलं असतं. मिठाने आवळासुपारी टिकते तीही याच न्यायाने.

म्हणजे भाचा म्हणत होता ते खरं! किलोभर आवळ्याची माझी कँडी साधारण ६०० ग्रॅम भरते. ताज्या आवळ्यात शंभरात ऐंशीहून जास्त भाग पाणी. बी वगळता फळाचा कोरडा अंश जेमतेम दीडशे ग्रॅम. थोडं पाणी धरा. उरलेली सगळी, साडेतीनशे ग्रॅम तरी, साखर. आणि राहिलेला पाक मी सरबताला वापरते, तिथे आणखी.

"पण क जीवनसत्त्व?" असं मी स्वतःलाच विचारलं. तिथेही वहीत दुरुस्ती निघाली. हे जीवनसत्त्व सेंट-ग्यॉर्गी या हंगेरियन शास्त्रज्ञाने १९२८ साली वेगळं काढलं आणि १९३७ साली त्याला नोबेल मिळालं. आपल्याकडे १९३९-४०च्या दुष्काळात हिस्सार भागात स्कर्व्ही पसरली तेव्हा वाळवलेल्या आवळ्याची पूड उपयोगी पडली. म्हणजे आवळकाठी करणाऱ्या आपल्या आज्या अगदीच चुकत नव्हत्या. पण शंभर ग्रॅमला ६०० मिलिग्रॅम हा आकडा, जो जुन्या तक्त्यांत होता आणि मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिला, तो हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७च्या तक्त्यात सुमारे अडीचशेवर आला आहे. आपला साधा पेरू त्याच्या फार मागे नाही. आणि "आवळ्यातलं जीवनसत्त्व शिजवून वाळवूनही जात नाही" हे वाक्य, तेही मी सांगितलेलं, तसं सरसकट खरं नाही. वाफवताना काही पाण्यात जातं, उन्हात काही जातं. काही उरतं, एवढंच म्हणता येईल.

वाईट वाटलं का? थोडं वाटलं. मी नात्यातल्यांना औषध पाठवते आहे या समाधानात इतकी वर्षं काढली होती. आता दिसतं की मी खाऊ पाठवत होते. पण खाऊ पाठवणं काय वाईट आहे? फक्त त्याला औषध म्हणू नये, आणि ज्याला सोसत नाही त्याच्या गळी मारू नये. आईने आजोबांची बरणी वर ठेवली होती ती कंजूषपणाने नव्हे.

शेवटी बारा किलोंचं काय केलं ते सांगते. दोन किलोंची कँडी केली, शेजारच्या मुलांसाठी, डब्यावर "खाऊ" असं लिहून. तीन किलो आवळे तसेच वाटले. उरलेल्यांची आवळासुपारी. आले, जिरं, ओवा, मीठ, अगदी आई करायची तशी. किसताना बोटं सोलवटली, दोन दिवस ढग आले आणि सगळं घरात पंख्याखाली हलवावं लागलं. एक परात थोडी काळी पडली, ती मी ठेवून घेतली.

भाच्याला पुडा पाठवला. सोबत चिठ्ठी: "यात साखर नाही. मीठ आहे, तेव्हा बेतानेच खा."

आठवड्याने त्याचा फोन आला. "मावशी, ही आजीची सुपारी ना गं? मी शाळेत खिशात घालून न्यायचो." माझ्या आईच्या हातची त्यानेही खाल्ली होती, हे मी विसरूनच गेले होते. त्याची मुलगी मागे ओरडत होती की बाबांनी एकट्याने अर्धा पुडा संपवला. मी म्हटलं, उरलेला अर्धा तिला दे.

तुमच्याकडे आवळ्याचं काय करत असत? मिठात, गुळात की आणखी कशात? आणि घरात कँडी पहिल्यांदा कधी आली ते आठवतं का? आठवलं तर जरूर कळवा. माझ्या वहीत अजून दुरुस्तीला जागा आहे.